बहात्तर तासांचा अर्ज आणि त्याआधीची तयारी

स्टार्ट फंड हा संकटात मदत संस्थांना झटपट पैसे देणारा आंतरराष्ट्रीय निधी. त्याच्याकडे पैसे मागताना घड्याळ चालू होतं ते इशारा-टिपण, म्हणजे संकटाची खबर देणारं छोटं टिपण, पाठवल्या क्षणापासून. पहिल्या २४ तासांत ठरतं की या संकटाला निधी द्यायचा का. पुढच्या २४ तासांत सदस्य संस्था आपापले प्रस्ताव पाठवतात. ७२ तास भरायच्या आत कोणत्या संस्थेला किती रक्कम, हे ठरलेलं असतं. त्यानंतर ४५ दिवसांत काम पूर्ण करायचं. ही पद्धत एप्रिल २०१४ पासून चालू आहे. चालवणारं स्टार्ट नेटवर्क हे २०१० साली ब्रिटिश मदत संस्थांचा संघ म्हणून उभं राहिलं आणि आता त्यात अनेक देशांतल्या संस्था सदस्य आहेत.

हे अर्ज लिहिणारी आम्ही मंडळी एक गोष्ट नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो: ७२ तासांत फक्त अर्ज लिहिता येतो. कागदपत्रं, दर, बँक खातं, माणसं, गावांची ओळख यांतलं जे त्या दिवशी हाताशी नसेल, ते त्या तीन दिवसांत तयार होत नाही. म्हणून पुढचं बरंचसं लिखाण अर्जाच्या आधीच्या कामाबद्दल आहे.

‘पूर्वमंजूर निधी’ म्हटलं की आपल्या नावावर रक्कम बाजूला ठेवलेली आहे असा अनेकांचा समज होतो. तसं नसतं. बहुतेक ठिकाणी पूर्वमंजुरी मिळते ती संस्थेला: तुमचे हिशेब, धोरणं, विश्वस्त, अंतर्गत नियंत्रण तपासून तुम्हाला ‘अर्ज करण्यास पात्र’ ठरवलं जातं. पैसे दर संकटाला नव्यानं मागावे लागतात. ब्रिटिश सरकारची रॅपिड रिस्पॉन्स फॅसिलिटी याच तत्त्वावर होती. आधी तपासून ठेवलेल्या संस्थांनाच आपत्तीनंतर काही तासांत अर्ज करता यायचा. २०१५ च्या नेपाळ भूकंपात याच मार्गानं पहिली मदत निघाली.

दुसऱ्या प्रकारात संस्थेबरोबर आराखडाही आधी मंजूर होतो. रेड क्रॉसच्या आपत्ती निधीत पूर्वकृती आराखडे असतात. कोणत्या नदीवर, कोणत्या मापकावर, किती पातळीचा अंदाज आला की किती घरांना काय द्यायचं, हे सगळं पूर नसताना लिहून मंजूर करून घेतलेलं असतं. २०२० साली बांगलादेशात जमुना नदीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या केंद्रीय आपत्कालीन निधीनं हीच पद्धत वापरली. बहादुराबाद मापकावर धोक्याच्या पातळीपेक्षा ०.८५ मीटर वर पाणी जाईल असा पाच दिवसांचा अंदाज, ही कृतीची खूण होती. जुलैत ती खूण गाठली आणि सुमारे ५२ लाख डॉलर काही तासांत सुटले. लोकांच्या हाती रोख रक्कम पोचली ती पुराचा कळस यायच्या आधी.

आपल्याकडे असा आराखडा लिहायला लागणारी मापकं आहेतच. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० आणि ४५ फूट. स्टार्ट फंडातही संकट यायच्या आधी इशारा देण्याची सोय आहे. पण त्यासाठी पातळी, पावसाचा अंदाज, राधानगरी, कोयना आणि अलमट्टी धरणांची स्थिती हे सगळं जोडून ‘इतक्या तासांत या गावांत पाणी शिरेल’ असं ठामपणे मांडावं लागतं. ‘यंदा पाऊस जास्त आहे’ एवढ्यावर कुणी निधी देत नाही. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावं यांत पाणी कोणत्या पातळीला कोणत्या वाटेनं येतं हे गावकऱ्यांना तोंडपाठ असतं. ते उन्हाळ्यात बसून, फुटांच्या आकड्यांसकट लिहून घ्यावं. पुढे अर्जात यापेक्षा भक्कम पुरावा दुसरा मिळत नाही.

कागदपत्रं

पात्रता तपासणीत नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, विश्वस्तांची यादी, खरेदी धोरण, गैरव्यवहार प्रतिबंध, हितसंबंधांचं धोरण, बालसंरक्षण, लैंगिक शोषण प्रतिबंध, तक्रार यंत्रणा एवढं मागतातच. यांत महाराष्ट्रातल्या संस्था हमखास अडतात त्या दोन जागी.

पहिली जागा विश्वस्तांची यादी. नवीन विश्वस्त आले, जुने गेले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो दिलेला असला तरी निकाल यायला वेळ लागतो, आणि तोवर शेड्यूल एकच्या उताऱ्यावर (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीवर) जुनीच नावं राहतात. संकेतस्थळावर नवीन मंडळ, उताऱ्यावर जुनं, गृह मंत्रालयाच्या एफसीआरए (परकीय योगदान कायदा) नोंदीत तिसरंच. तपासणारा माणूस हजारो किलोमीटरवर बसलेला असतो. त्याला आपल्या धर्मादाय कार्यालयातली प्रलंबित प्रकरणं माहीत नसतात. त्याला दिसतं ते एवढंच, की तीन याद्या जुळत नाहीत. त्यामुळे चेंज रिपोर्टची पोच, ठरावाची प्रत आणि अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण एकत्र करून ठेवावं. एफसीआरएकडे पदाधिकारी बदलाचा एफसी-६ई अर्जही भरलेला असावा.

दुसरी जागा लैंगिक शोषण प्रतिबंधाची. बऱ्याच संस्था इथे २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती दाखवतात. तो कायदा कामाच्या ठिकाणी महिलांचं संरक्षण करतो, आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर समिती हवीच. पण निधी देणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. मदत घेणाऱ्या बाईकडे आपल्या माणसानं किंवा टेम्पोवाल्यानं काही मागितलं, तर ती कुणाला सांगेल? त्यासाठी वेगळं धोरण लागतं, स्वयंसेवकांसह सगळ्यांची सही असलेली आचारसंहिता लागते आणि गावात सांगता येईल असा फोन नंबर लागतो. हे नुसतं कागद भरण्याचं काम समजू नये. वाटपाच्या रांगेत कूपन देणाऱ्याच्या हातात किती ताकद असते, हे ज्यानं पाहिलंय त्याला त्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरी एक छोटी अडचण कायम येते. कर्मचारी आणि पुरवठादारांची नावं निर्बंध याद्यांशी (ज्यांच्याशी व्यवहाराला बंदी आहे अशांच्या याद्यांशी) ताडून पाहावी लागतात. नाव-आडनाव सर्वसाधारण असलं की खोटी जुळणी निघते, आणि देवनागरीतून रोमनमध्ये आलेल्या नावाची स्पेलिंगं प्रत्येक कागदावर वेगळी असतात. जन्मतारीख आणि पॅन नोंदवलेलं असलं तर जुळणी दहा मिनिटांत खोडता येते. नसेल तर त्या पुरवठादाराचा करार अडकतो.

एफसीआरए: भारतातली खरी पूर्वमंजुरी

परदेशी निधी भारतातल्या संस्थेला घ्यायचा तर परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. पूर्वपरवानगी ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम आणि ठरावीक कामासाठी मिळते. आपत्तीत तिचा उपयोग होत नाही, कारण त्या परवानगीची वाट पाहण्यात पूर ओसरून जातो. म्हणजे नोंदणी नसलेल्या संस्थेनं या वाटेला जाऊच नये. तिनं देशी निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी, मंडळं आणि बाहेरगावच्या गावकरी मंडळींची मदत यांवर जोर द्यावा. तो पैसा अनेकदा लवकर पोचतो.

नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत करावा लागतो. परकीय निधीच्या हिशेबाचं दरवर्षीचं एफसी-४ विवरण ३१ डिसेंबरपर्यंत. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी रक्कम फक्त भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येऊ शकते. तिथून ती आपल्या जिल्ह्यातल्या वापराच्या खात्यात आणायची. हे दुसरं खातं आधी उघडून, गृह मंत्रालयाला कळवून, त्यातून एखादा व्यवहार करून पाहिलेला असावा. सही करणाऱ्या दोघांपैकी एकजण पुरात अडकला तर तिसरी सही कुणाची, हेही ठरलेलं असावं.

त्याच दुरुस्तीचा सर्वांत मोठा परिणाम कलम ७ मुळे झाला. परकीय निधी घेतलेली संस्था तो दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही, मग ती दुसरी संस्था एफसीआरए नोंदणीकृत असली तरी. जगभर अशा निधीचं नेहमीचं रूप म्हणजे मोठी संस्था पैसे घेते आणि स्थानिक संस्था काम करते. भारतात ते बंद झालं. अर्जात ‘स्थानिक भागीदाराला इतके लाख’ अशी ओळ असेल तर ती कायद्यातच बसत नाही. परदेशी कार्यालयातून आलेल्या जुन्या नमुन्यात ती ओळ बरेचदा तशीच राहिलेली असते. उरलेला मार्ग म्हणजे खरेदी स्वतः करणं, माणसं स्वतः नेमणं, आणि स्थानिक संस्थेशी समन्वयाचं नातं पैशाशिवाय ठेवणं. सेवा-कराराच्या नावाखाली अनुदान देण्याचा मोह टाळावा. सीए आणि वकिलाला विचारल्याशिवाय असा एकही करार करू नये. स्थानिक संस्थांवर या नियमाचा अन्याय झाला आहे असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण पहिल्या रात्री बोट घेऊन जाणारी मुलं त्यांचीच असतात. पण मत वेगळं आणि अर्ज वेगळा.

प्रशासकीय खर्चाची मर्यादा वर्षभरात आलेल्या परकीय निधीच्या २० टक्के. व्यवस्थापनाचे पगार, कार्यालय भाडं, वीज, प्रवास हे त्यात मोजतात. संस्थेच्या उद्दिष्टाचं प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे, उदाहरणार्थ आरोग्यसेवा देणाऱ्यांचे, पगार त्यात येत नाहीत. अर्जाच्या अंदाजपत्रकात पदाचं नाव लिहिताना हे लक्षात ठेवावं. ‘समन्वयक’ लिहिलं की तो प्रशासनात ढकलला जातो. तीच व्यक्ती गावात बसून पाणी-तपासणी करणार असेल तर तसं लिहावं, आणि तिनं खरंच तेच काम करावं.

दर आणि साठा

एप्रिल-मे महिन्यांत आम्ही तीन-तीन दरपत्रकं घेऊन पुरवठादारांशी दरकरार करतो. वस्तू, मोजमाप, जीएसटीसह दर, पोचवण्याचं ठिकाण, किती दिवसांत किती नग, दर कधीपर्यंत लागू, उधारी किती दिवसांची. पूर आल्यावर ताडपत्रीचा दर चढतो आणि तीन दरपत्रकं गोळा करायला दुकानं उघडी नसतात.

ताडपत्रीचं उदाहरण घ्या. मदतकार्यातलं प्रमाण माप ४ बाय ६ मीटर, म्हणजे २४ चौरस मीटर. आपल्या बाजारात फुटांत विकतात. ‘१२ बाय १८’ ची घेतली तर ती भरते जेमतेम २० चौरस मीटर, सुमारे सोळा टक्के कमी. अर्जात मीटर लिहिलं आणि माल फुटांत आला की लेखापरीक्षक तो फरक बरोबर पकडतो. त्याहून वाईट म्हणजे छपराला ती पुरत नाही. करारात मीटर, जाडी आणि कडेच्या रिंगांची संख्या लिहावी.

पुरवठादार कुठला, हेही पाहावं. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. सगळा माल कोल्हापूर शहरातल्या एका गोदामात असेल तर शिरोळच्या गावांना तो मिळणार नाही. एक पुरवठादार मिरजेच्या बाजूचा, एक सातारा-कराडकडचा, असे दोन धरावेत. कोकणासाठी वेगळा. चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हा बाजारपेठच बुडाली होती, तिथल्या दुकानातून काय घेणार?

इशारा-टिपण

टिपण लहान असतं: काय झालं, किती लोकांवर परिणाम, कोणत्या गरजा, कोण काय करतंय, काय राहतंय, आत्ताच का, किती रक्कम हवी. एकट्या संस्थेनं पाठवण्यापेक्षा दोन-तीन सदस्यांनी मिळून पाठवलेलं टिपण वजनदार ठरतं. निर्णय घेणारी समिती वेगवेगळ्या सदस्य संस्थांतल्या माणसांची असते, देणगीदार सरकारं त्यात मत देत नाहीत. ही माणसं त्याच आठवड्यात दुसऱ्या खंडातल्या दुष्काळाचं टिपणही वाचत असतात. निधी एकच आहे आणि तो मुख्यतः लहान-मध्यम, जगाच्या नजरेआड राहणाऱ्या संकटांसाठी आहे.

भारताच्या टिपणाला एक प्रश्न ठरलेला असतो: सरकार समर्थ आहे, मग तुमची गरज काय? २०१८ च्या केरळ पुरात भारतानं परदेशी सरकारांची मदत नाकारली होती, हेही वाचणाऱ्यांना ठाऊक असतं. ‘सरकारी मदत अपुरी आहे’ असं मोघम लिहिणं उपयोगी नाही, आणि ते अनेकदा खरंही नसतं. सुटका, निवारा, पहिलं अन्न यांत प्रशासन वेगानं काम करतं. नेमकं कोण मदतीबाहेर राहतं ते लिहावं. सानुग्रह अनुदान पंचनाम्यावर मिळतं, पंचनामा घराच्या नोंदीवर होतो. भाड्यानं राहणारं कुटुंब, गावठाणाबाहेर झोपडी असलेलं कुटुंब, परप्रांतातून आलेला कामगार यांची नोंद पातळ असते. इचलकरंजीतले यंत्रमाग कामगार पाहा: खोली भाड्याची, माग बंद, मजुरी बंद, आणि बुडालेल्या घराचा पंचनामा झालाच तर नाव मालकाचं. अशा कुटुंबांची संख्या वॉर्डानुसार दिली की प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

आकडे कुठून घ्यायचे? जिल्हा नियंत्रण कक्षाचा रोजचा अहवाल, तहसीलदारांची स्थलांतरितांची यादी, ग्रामपंचायत, आशाताई. प्रत्येक आकड्याशेजारी स्रोत आणि वेळ लिहावी. सकाळी आठचा आणि रात्री आठचा आकडा दुप्पट वेगळा असू शकतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘तालुक्याची लोकसंख्या’ आणि ‘बाधित’ यांची गल्लत. तालुक्यात अडीच लाख लोक असतील, घरात पाणी शिरलेले त्यातले काही हजारच असतील. मोठा आकडा लिहिला की निवड करणाऱ्यांचा बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

वेळेचंही ध्यान असावं. पावसाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिकडची संध्याकाळी पाचची मुदत म्हणजे आपली रात्री साडेनऊ. ७२ तास सलग मोजतात, त्यात शनिवार-रविवारही आले. वीज आणि मोबाइल टॉवर दोन्ही गेलेले असतात म्हणून अर्ज लिहिणारा माणूस पूरक्षेत्राबाहेर, पुण्यात किंवा साताऱ्यात बसवावा. गावात असलेल्यांनी त्याला फक्त फोनवरून माहिती द्यावी.

प्रस्ताव: दुसऱ्या दिवसाचं काम

टिपण मान्य झालं की प्रस्ताव. इथे आम्ही नेहमी माणसांपासून सुरुवात करून मागे हिशेब करतो. समजा ८०० कुटुंबं, सरासरी पाच माणसं, म्हणजे ४,००० लोक. स्फिअर मानकांनुसार (मदतकार्याची आंतरराष्ट्रीय किमान मानकं) माणशी रोज १५ लिटर पाणी, म्हणजे ६०,००० लिटर, १०,००० लिटरच्या टँकरच्या सहा फेऱ्या. २५० माणसांमागे एक नळ, म्हणजे १६ नळ. शौचालयं सुरुवातीला ५० माणसांमागे एक धरली तर ८०, नंतर २० मागे एक धरली तर २००. साबण माणशी महिन्याला अंगाचा २५० ग्रॅम आणि कपड्यांचा २०० ग्रॅम. पाच जणांच्या कुटुंबाला सव्वा किलो आणि एक किलो, म्हणजे १२५ ग्रॅमच्या दहा वड्या आणि पाव किलोच्या चार.

टँकरचं पाणी तसंच वाटायचं नसतं. १०,००० लिटरला लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर २० ग्रॅम क्लोरीन लागतं. ताज्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरमध्ये ते साधारण ३३ टक्के असतं, म्हणून ६० ग्रॅम पावडर. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात उघडं पडलेलं पोतं असेल तर ताकद २० टक्क्यांवर आलेली असू शकते, मग १०० ग्रॅम लागेल. अर्धा तास थांबून नळाशी तपासायचं, लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक हवं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीनं निवळू द्यावं, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्च होतं. हे एवढं अर्जात दोन ओळींत आलं, तरी वाचणाऱ्याला कळतं की ही माणसं पाण्याचं काम जाणतात.

आता मानकांचा हिशेब करून झाला की थांबून एक प्रश्न विचारावा: पैसे हातात येतील तेव्हा ही माणसं कुठे असतील? कृष्णा-पंचगंगेच्या पुरात लोक शाळांमधल्या छावण्यांत राहतात ते पाणी उतरेपर्यंत. अर्ज लिहिताना छावणी गच्च भरलेली असते आणि प्रस्तावात ८० शौचालयं जातात. माल पोचेस्तोवर छावणी रिकामी झालेली असते, शाळा उघडायची घाई असते, आणि लोक घरातला चिखल उपसत असतात. तेव्हा लागतात फावडी, घमेली, हातमोजे, विहीर उपसायचा पंप, टीसीएल, कोरडी गादी, आणि महिनाभर मजुरी बुडाल्याची रोख भरपाई. म्हणून प्रस्तावाची रचना आम्ही ‘छावणीचे दहा दिवस’ आणि ‘घरी परतल्यानंतर’ अशी दोन भागांत करतो आणि पैशाचा मोठा भाग दुसऱ्यात ठेवतो. ४५ दिवसांत पक्कं बांधकाम, बचत गटांचं प्रशिक्षण, बियाणं-वाटपापासून पिकापर्यंतचं चक्र यांतलं काही बसत नाही. तीन कामं नीट करणारा प्रस्ताव नऊ कामांच्या प्रस्तावापुढे जातो.

रोख मदत द्यायची तर बँक खात्यांची पडताळणी हा स्वतंत्र टप्पा धरावा. पासबुक पुरात भिजलेलं, जनधन खातं व्यवहार नसल्यानं निष्क्रिय, बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदललेला, आधारवर नाव एक आणि बँकेत दुसरं. आधी प्रत्येक खात्यात एक रुपया पाठवून पाहावा. परत आलेली खाती बँकमित्राला घेऊन गावातच दुरुस्त करावीत. कर्त्या पुरुषाच्या खात्याऐवजी घरातल्या बाईच्या खात्याला प्राधान्य द्यायचं असेल तर ते आधी गावसभेत बोलून ठरवावं, वाटपाच्या दिवशी नव्हे. आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे जमवू नयेत. जेवढी माहिती लागते तेवढीच घ्यावी, २०२३ चा विदा (डेटा) संरक्षण कायदाही तेच सांगतो.

अंदाजपत्रकात विसरल्या जाणाऱ्या ओळी ठरलेल्या असतात: हमाली, टेम्पोचं थांबून राहण्याचं भाडं, पोती आणि कूपन छपाई, स्वयंसेवकांचं जेवण आणि गमबूट, जीएसटी. रक्कम पौंडात मागायची आणि खर्च रुपयात, म्हणून विनिमय दर कोणत्या तारखेचा, कुठला, हे टिपेत लिहावं. दर थोडा सावध धरावा. रुपया मजबूत झाला तर शेवटच्या ५० कुटुंबांच्या किटला पैसे कमी पडतात.

निवड

निवड त्या देशातल्या सदस्य संस्थांची माणसं करतात. ही या निधीची सर्वांत चांगली बाजू. त्यांना शिरोळ आणि शिराळा यातला फरक कळतो. हितसंबंध आधी जाहीर करायचे असतात. त्यांचे प्रश्न सरळ असतात. या गावात आधी काम केलंय का? दुसऱ्या संस्थेच्या प्रस्तावात हीच गावं आहेत, मग वाटणी कशी? अपंग, एकट्या बाया, ओल्या बाळंतिणी यांच्यापर्यंत कसं पोचणार? पुरात तक्रारपेटी कुठे टांगणार? शेवटच्याला चांगलं उत्तर म्हणजे एक मोबाइल नंबर, जो किटच्या पोत्यावर छापलेला आहे आणि तो उचलणारी व्यक्ती वाटप करणाऱ्या पथकातली नाही.

गावांची वाटणी प्रस्ताव पाठवायच्या आधीच इतर अर्जदारांशी फोनवर करून घ्यावी. दोन संस्थांनी एकच गाव लिहिलं तर समिती दोघांचीही रक्कम कापते, आणि मधलं तिसरं गाव तसंच राहतं.

पैसे आणि ४५ दिवस

मंजुरीचं पत्र आलं म्हणजे पैसे आले नाहीत. करार, मग परदेशातून दिल्लीच्या खात्यात रक्कम, बँकेची उद्देशाबद्दलची विचारणा, मग आपल्या खात्यात. मध्ये १५ ऑगस्ट आणि गणपतीच्या सुट्ट्या येतात. देणगीदाराचं पत्र, करार आणि कामाचं वर्णन बँकेला आधीच पाठवलं तर विचारणेचा वेळ वाचतो. तोवर देशी निधीच्या खात्यातून खर्च करून नंतर तो परकीय निधीतून भरून काढू, असं अनेकांना सुचतं. दोन्ही निधींचे हिशेब वेगळे ठेवण्याच्या नियमात हे लेखापरीक्षणाला अडतं. त्याऐवजी दरकरारातली उधारी वापरावी. माल आत्ता, बिल महिन्यानं, थेट परकीय निधीच्या खात्यातून. उधारीची अट मे महिन्यात घालून घ्यावी लागते ती यासाठी. मात्र करार कोणत्या तारखेपासूनचा खर्च धरतो हे वाचूनच पहिली ऑर्डर द्यावी.

वाटपाच्या आधी यादी ग्रामपंचायतीत, समाजमंदिरात आणि वस्तीत लावावी, हरकतींना एक दिवस द्यावा. यादीत नाव नसलेल्यांचा राग वाटपाच्या रांगेत निघण्यापेक्षा आदल्या दिवशी भिंतीपुढे निघालेला बरा, आणि त्यातून सुटलेली खरी कुटुंबं सापडतात. वाटपानंतर पंधरवड्यानं काही घरांत जाऊन विचारावं: काय वापरलं, काय विकलं, काय आलंच नाही. फोटो काढताना मदत घेणाऱ्याचा चेहरा लागतोच असं नाही, आणि लहान मुलांचा तर घेऊच नये.

अहवालात प्रस्तावातल्या आकड्यापुढे प्रत्यक्ष आकडा आणि फरकाचं कारण लिहायचं. ८०० ऐवजी ७६० कुटुंबं झाली तर ४० कुठे गेली ते सांगावं: दुसऱ्या संस्थेची मदत मिळाली, स्थलांतर झालं, खातं चाललं नाही. असा फरक प्रामाणिकपणे मांडलेला अहवाल पुढच्या अर्जाला मदतच करतो. बिलं, ई-वे बिलं, गोदामाची आवक-जावक वही, अंगठ्यांच्या याद्या, एक रुपया परत आलेल्या खात्यांची नोंद हे रोजच्या रोज स्कॅन करून पूरक्षेत्राबाहेरच्या संगणकावर ठेवावं. आणि ४५ दिवसांच्या आत नदीला दुसरा पूर आला, जो ऑगस्टमध्ये येऊ शकतो, तर चालू प्रकल्प ताणून त्यात नवीन गावं घालू नयेत. निधीच्या कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवावं, बदल मान्य होईल की नवीन इशारा द्यायचा हे विचारून घ्यावं, आणि उत्तर येईपर्यंत दोन्ही पुरांच्या याद्या वेगळ्या ठेवाव्यात.